जास्त विकूनही देश गरीब कसा?

27 मार्च 1668 रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने एक सनद दिली आणि मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. भाडं ठरलं वर्षाला दहा पौंड, तेही सोन्यात, दर 30 सप्टेंबरला भरायचं. पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा, 1661 च्या तहात, हे बेट राजाला आंदण मिळालं होतं. त्याचा खर्च त्याला झेपेना आणि कंपनीला तर बंदर हवंच होतं. गिरगावात तेव्हा नारळीच्या वाड्या होत्या. आपल्या पायाखालची जमीन लंडनच्या कोणत्या हिशेबात कुठे मांडली गेली, हे त्या वाड्यांत राबणाऱ्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

राजाने माणसांसकट एक बंदर व्यापाऱ्यांना भाड्याने द्यावं, याचं आज नवल वाटतं. त्या काळच्या युरोपला ते रीतसर वाटलं, कारण राजाचं बळ आणि व्यापाऱ्याचा नफा एकच, असं मानणारा विचार तिथे राज्य करत होता. त्याला मर्कंटिलिझम म्हणतात, मराठीत व्यापारवाद. साधारण 16 व्या ते 18 व्या शतकापर्यंत त्याने युरोपचे कायदे घडवले, लढाया लावल्या, वसाहती वसवल्या. मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. ज्या बेटाचा या विचाराने दहा पौंडांत सौदा केला, त्याच बेटावरच्या माणसांनी पुढच्या अडीचशे वर्षांत या विचाराची एकेक वीट काढून तपासली. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ एवढ्याच टापूत अर्थशास्त्रातले काही सर्वांत अवघड प्रश्न विचारले गेले.

चांदी पेरणारी कंपनी

व्यापारवादाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. देशाची संपत्ती म्हणजे तिजोरीतलं सोनं-चांदी. ज्याच्याकडे खाणी नाहीत त्याने ते व्यापारातून मिळवायचं, म्हणजे परदेशाला जास्त विकायचं आणि परदेशाकडून कमी घ्यायचं. बाहेरच्या पक्क्या मालावर जकात बसवायची, कच्चा माल स्वस्तात आणायचा, आपली यंत्रं आणि कारागीर बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, माल आपल्याच जहाजांतून न्यायचा. हा विचार मांडणारी माणसं बावळट नव्हती. सैन्याचा पगार नाण्यांत द्यावा लागे आणि नाणं चांदीचं असे. चांदी आटली की बाजारही आटे आणि राजाचं बळही.

या चौकटीत ईस्ट इंडिया कंपनी मोठीच अडचण होती. हिंदुस्थानातलं सुती कापड, मिरी, नीळ इंग्लंडला हवं होतं, पण इंग्लंडचं जाड लोकरी कापड इथे कोण घेणार? त्यामुळे जहाजं भरून चांदी पाठवावी लागे. 1600 च्या सनदेतच कंपनीला 30,000 पौंडांपर्यंतची चांदी बाहेर नेण्याची खास मुभा दिलेली होती. लंडनमध्ये ओरड झाली की ही कंपनी देशाचं रक्त बाहेर सांडते आहे.

या ओरडीला उत्तर दिलं कंपनीचाच एक संचालक टॉमस मन याने. 1621 मध्ये त्याने एक पुस्तिका काढली. त्याचं मुख्य पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1664 मध्ये आलं. त्याचा युक्तिवाद असा, की शेतकऱ्याला नुसतं पेरणीच्या वेळी पाहिलं तर तो चांगलं धान्य मातीत फेकणारा वेडा वाटेल. सुगीला पाहिलं की त्याचा हिशेब कळतो. कंपनीची चांदी तशीच पेरलेली आहे. हिंदुस्थानातून आणलेला माल युरोपात विकला की गेली त्याहून जास्त चांदी परत येते. तेव्हा एका देशाशी झालेला एक व्यवहार पाहू नका, साऱ्या जगाशी झालेल्या साऱ्या व्यवहारांची बेरीज पाहा.

आज हे सोपं वाटतं, पण विचारांच्या इतिहासात ही मोठी झेप होती. सारा देश एक खातं आहे आणि त्याची जमा-नावे मांडता येते, ही कल्पना इथे पक्की झाली. मुंबईच्या टांकसाळीसमोर उभी असलेली रिझर्व्ह बँक आज देशाच्या व्यवहारतोलाचे आकडे प्रसिद्ध करते, त्यामागे हीच कल्पना आहे.

पण याच विचाराने इंग्लंडमध्ये भिंतीही बांधल्या. हिंदुस्थानी छापील सुती कापडावर इंग्लंडचे ग्राहक लुब्ध झाले, तिथले विणकर चवताळले आणि 1700 मध्ये रंगीत-छापील कापडाच्या वापरावर बंदी आली. 1721 मध्ये ती आणखी कडक झाली आणि 1774 पर्यंत टिकली. मँचेस्टरचा सुती धंदा या भिंतीच्या आडोशाला वाढला.

मुंबईवर चांदीचा पाऊस

व्यापारवादाला पहिला मोठा धक्का युरोपातच बसला. 1752 मध्ये डेव्हिड ह्यूमने दाखवलं की देशात नुसती चांदी वाढली तर किमती वाढतात. माल महाग होतो, विक्री घटते आणि चांदी आली तशी निघून जाते. 1776 मध्ये ॲडम स्मिथने तर आपल्या ग्रंथाचा मोठा भाग व्यापारवाद मोडून काढण्यात खर्च केला. राष्ट्राची संपत्ती म्हणजे त्याच्या लोकांचे श्रम आणि त्यांतून निपजणाऱ्या वस्तू, तिजोरीतली नाणी नव्हेत, हे त्याचं सांगणं.

ह्यूमने कागदावर मांडलेली गोष्ट मुंबईने 1861 ते 1865 मध्ये अंगावर घेतली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या पश्चिम हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. त्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या कमाईवर सात कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा मिळाला, असा अंदाज सांगितला जातो. टॉमस मनचं स्वप्न जणू साक्षात उतरलं होतं! मग काय झालं? घरभाडी आणि धान्याचे भाव कडाडले. बँका आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला दसपट भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि सारा डोलारा कोसळला. 1864 च्या शिरगणतीत मुंबईत 8,16,562 माणसं होती. 1872 मध्ये 6,44,405 उरली. राजाबाई टॉवरसारख्या काही देखण्या इमारती त्या पैशातून उभ्या राहिल्या, पण चांदीचा ढीग आणि शहराची भरभराट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईला पुरतं कळलं.

1841 सालची पत्रं

इथून वीस वर्षं मागे जाऊ, कारण त्याहून खोल प्रश्न आधीच विचारला गेला होता. 1841 मध्ये बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ अशा सहीने आठ पत्रं आली. लिहिणारा होता पंचविशीच्या आसपासचा भास्कर पांडुरंग तर्खडकर. व्याकरणकार दादोबा आणि प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग हे त्याचे भाऊ. राज्यकारभार आणि व्यापार या दोन्ही वाटांनी या देशाची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, हे त्याने सरकारच्या नाकासमोर, सरकारच्याच भाषेत मांडलं. त्याच वर्षी भाऊ महाजनांनी मुंबईत ‘प्रभाकर’ सुरू केलं आणि तोच विषय मराठीत आणला. 1843 मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांचं हिंदुस्थानच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवरचं मराठी पुस्तक आलं. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये या विषयावरचा आपला पहिला मोठा निबंध वाचला तो 1867 साली. म्हणजे मुंबईची ही तरुण मंडळी त्यांच्या पाव शतक आधी त्या वाटेवर होती. भास्कर पांडुरंग 1847 मध्येच गेला. त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या विचारात विलक्षण काय होतं? टॉमस मनचा नियम सांगतो की जो देश आयातीपेक्षा निर्यात जास्त करतो तो श्रीमंत होतो. 19 व्या शतकातला हिंदुस्थान वर्षानुवर्षं आयातीपेक्षा निर्यात जास्त करत होता. व्यापारवादाच्या कसोटीवर तो पहिल्या नंबरात उत्तीर्ण व्हायला हवा होता. प्रत्यक्षात दादाभाईंनी हिशेब केला तेव्हा दरडोई वार्षिक उत्पन्न निघालं वीस रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही त्याहून जास्त होता. इतकं विकून पैसा गेला कुठे?

याचं उत्तर कापसाच्या एका गासडीवरून नीट कळतं. समजा 1880 च्या सुमारास लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याला खानदेशचा कापूस हवा आहे. त्याला मुंबईत रुपये मोजायचे आहेत, पण चांदी जहाजात घालून पाठवायची गरज नाही. लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या वतीने दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये ‘कौन्सिल बिलं’ विकली जात. ही एक प्रकारची सरकारी हुंडीच. व्यापारी तिथे पौंड भरतो, बिल घेतो आणि मुंबईला पाठवतो. मुंबईच्या सरकारी खजिन्यात ते वटतं, रुपये मिळतात आणि त्यांतून कापूसवाल्याचा हिशेब चुकता होतो. खजिन्यात ते रुपये आले कुठून? शेतसाऱ्यातून, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्याच खिशातून. आणि लंडनमध्ये भरलेले पौंड? ते लंडनमध्येच राहिले. निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला नफा, लंडनच्या कचेरीचा खर्च त्यांतून भागला.

हे समजल्यावर मी कितीतरी वेळ थक्क होतो. गासडी समुद्रापार गेली, वहीत निर्यातीची रक्कम जमा झाली, शेतकऱ्याच्या हातात पैसेही पडले. पण ते पैसे त्याने आणि त्याच्यासारख्या लाखोंनी आधीच सारा म्हणून भरलेले होते. देशाबाहेरून त्या गासडीचं मोल आलंच नाही. टॉमस मन ज्या चांदीला बियाणं म्हणत होता, तीही पाठवायची गरज उरली नव्हती. शेताचा सारा गोळा करण्याचा हक्क हाती आला की पीक फुकट मिळतं.

अर्थविचारात इथे एक नवी गोष्ट जन्मली. निर्यात किती, एवढं पाहून भागत नाही. तिच्या बदल्यात काय परत आलं आणि ते देशात राहिलं का, हे पाहावं लागतं. व्यापारवादाचीच वही घेऊन मुंबईने तिची उलटी बाजू जगाला वाचून दाखवली.

गिरणीचा भोंगा आणि साडेतीन टक्के

1841 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावं. त्याच वर्षी जर्मनीत फ्रेडरिक लिस्टचं पुस्तक आलं. इंग्लंडने संरक्षणाच्या जोरावर आधी आपले धंदे उभे केले आणि वर पोचल्यावर इतरांना खुल्या व्यापाराचा उपदेश सुरू केला, असं त्याने ठणकावून सांगितलं. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यात या परंपरेचा मोठा आधार होता. स्मिथ-रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञांचे सिद्धान्त प्रत्येक देशाला, प्रत्येक काळी सारखे लागू पडत नाहीत, हे त्यांचं सूत्र. संपत्तीच्या वाहून जाण्यावरच सारा भर देणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. देशात धंदे उभे राहिले पाहिजेत, भांडवल आणि कसब वाढलं पाहिजे आणि सरकारने त्याला हात दिला पाहिजे, यावर त्यांचा जोर होता.

धंद्यांचं ते उभं राहणं लालबाग-परळमध्ये डोळ्यांसमोर घडत होतं. सूत-कापडाची यंत्रं इंग्लंडबाहेर नेण्यावर जुन्या व्यापारवादी धोरणातली बंदी होती. ती 1843 मध्ये उठली. त्यानंतर तेरा वर्षांतच, 1856 मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्यांची धुराडी परळ, लालबाग, शिवडीपर्यंत पसरली आणि कोकण-घाटावरून माणसं भोंग्याच्या वेळेवर जगू लागली.

लँकेशायरच्या मागणीवरून 1882 मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरची जकात खुल्या व्यापाराच्या नावाने काढून टाकण्यात आली. सरकारची तिजोरी रिकामी झाली तेव्हा ही जकात पुन्हा बसवावी लागली, आणि लँकेशायरचं नुकसान होऊ नये म्हणून इथल्या गिरण्यांवरही बोजा टाकला गेला. 1896 पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि मुंबईच्या गिरणीतून निघणाऱ्या कापडावरही साडेतीन टक्के! मुंबईचं कापड बहुतेक जाडंभरडं. लँकेशायरच्या तलम मालाशी त्याची फारशी स्पर्धाही नव्हती. तरी हा कर जवळजवळ तीस वर्षं चालला.

तो गेला कसा, हे गिरणगावच्या इतिहासातलं सोन्यासारखं पान आहे. 1925 मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ टिकले. कर उठला तर कपात मागे घेऊ, असं मालक म्हणत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने कर स्थगित केला, कपात रद्द झाली आणि गिरण्या सुरू झाल्या. मोठमोठ्या अर्जविनंत्यांनी जे साधलं नव्हतं ते उपाशी राहिलेल्या कामगारांच्या चिकाटीने साधलं. पाच वर्षांनी, 12 डिसेंबर 1930 रोजी, काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू हाही गिरणी कामगारच होता. तो बावीस वर्षांचा होता आणि तिथेच चिरडला गेला.

परळच्या चाळीतला प्रश्न

1925 च्या त्याच डिसेंबरात हिल्टन यंग चलन आयोगापुढे साक्ष द्यायला गेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये, 50 आणि 51 क्रमांकांच्या खोल्यांत राहत होते. 1912 ते 1934 अशी बावीस वर्षं त्यांचं घर त्याच चाळीत होतं. नंतर ते दादरच्या राजगृहात गेले. 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध दिला त्याचा विषयच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा होता. इंग्लंडने हिंदुस्थानला काय दिलं आणि हिंदुस्थानने इंग्लंडला काय दिलं, यांतली तफावत त्यात आकड्यांनिशी मांडली होती. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये निघाला.

त्या वेळी वाद पेटला होता तो रुपयाच्या भावावर. रुपया स्वस्त ठेवला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असं मुंबईचे अनेक व्यापारी आणि गिरणीमालक मांडत होते. बाबासाहेबांनी या फायद्याचा माग काढला. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला त्याच पौंडाचे जास्त रुपये मिळतात, हे खरं. पण त्याच वेळी देशात भाववाढ होते आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या हाती जे जास्त पडलं ते परदेशातून आलेलं नसतं. ते इथल्याच मजुराच्या ताटातून उचललेलं असतं. एका वर्गाचा नफा आणि दुसऱ्या वर्गाचा तोटा यांच्या बेरजेला देशाची भरभराट म्हणता येत नाही.

मला हा या साऱ्या कथेचा कळस वाटतो. मनने देशाला एक खातं मानलं. दादाभाईंनी विचारलं, खात्यात जमा दिसणारं देशात राहिलं का? बाबासाहेबांनी त्या खात्याचा पडदाच बाजूला केला आणि विचारलं, देशात म्हणजे कुणाच्या घरात? भोवती सगळी गिरणी कामगारांची वस्ती असलेल्या परळमधल्या अर्थशास्त्रज्ञाने हा प्रश्न विचारावा, यात मोठं औचित्य आहे.

व्यापारवाद संपलेला नाही. 1936 मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सने आपल्या मुख्य ग्रंथात त्याच्यासाठी एक प्रकरण राखून ठेवलं आणि जुन्या व्यापारवाद्यांच्या म्हणण्यात रोजगाराच्या दृष्टीने शहाणपणाचा अंश होता, असं मान्य केलं. आजही मोठमोठे देश एकमेकांच्या मालावर शुल्क लादतात, व्यापार तुटीकडे हार-जितीच्या नजरेने पाहतात, चलन स्वस्त ठेवून बाजार काबीज करू पाहतात. धंदे उभे करण्यासाठी काही काळ संरक्षण लागतं, हा त्यातला खरा भाग रानड्यांनी ओळखला होता. मात्र निर्यातीचा आकडा मोठा म्हणून देश सुखी, हे त्यातलं म्हणणं खोटं आहे, आणि ते खोटं ठरवण्याचा मोठा मान या शहराचा आहे.

म्हणून वाचकहो, निर्यात वाढल्याची किंवा व्यापार तूट फुगल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा तिथेच थांबू नका. बदल्यात काय आलं, ते इथे राहिलं का आणि ते कुणाच्या पदरात पडलं, हे तीन प्रश्न विचारा. जो आकडा या तिन्ही प्रश्नांना उत्तर देत नाही त्याला भरभराटीचा पुरावा मानू नका.